परवाच्या तारखेची फाइल

नांदेडहून लातूरला नोकरीसाठी निघाले तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, "कोचिंग क्लासात चाललीस आणि शिकवणार न्हाईस म्हणतीस. मग करणार काय?" मला ते नीट सांगता आलं नाही. तिथले कॉम्प्युटर सांभाळणार, एवढंच म्हणाले. बाबा रेल्वेच्या कचेरीत जुने कागद सांभाळायचे. सांभाळणं हा शब्द त्यांना पटला आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

भूकंपाला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं होऊन गेली होती. मदतीच्या गाड्या आणि पाहणीला येणारे लोक लातुरातून केव्हाच निघून गेले होते. आता एसटीतून उतरायची ती लोखंडी ट्रंक आणि गादीची वळकटी घेतलेली पोरं. नांदेड, परभणी, बीड, कुठकुठली. ज्या गल्लीत जावं तिथे क्लासची पाटी, पाटीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो, खाली मेस आणि वर होस्टेल. आमचा क्लास मधल्या आकाराचा. तीन मजले, आणि जिन्याखालून आत गेलं की कॉम्प्युटरची खोली. प्रश्नपत्रिका तयार करणं, तपासलेल्या उत्तरांचे निकाल लावणं, हे सगळं तिथे चालायचं.

चोरीचं सॉफ्टवेअर वापरतात म्हणून शहरातल्या कुठल्याशा क्लासवर धाड पडल्याची बातमी आली आणि आमच्या सरांनी आठ दिवसांत सगळी यंत्रं फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर घ्यायला लावली. ते काम माझ्या आधीच्या मुलाने केलं. तो कंधारचा, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातला. हात बारीक कामाचा. एक मोठं सर्व्हर मशीन ठेवून त्याने सहा टेबलं त्याच्यावर चालवली होती. टेबलांवर नुसते पडदे आणि की-बोर्ड, बाकी सगळं त्या एका डब्यात. मग त्याला हैदराबादला नोकरी लागली आणि त्याच्या जागी मी आले. त्याने जाताना मला दोन पानं लिहून दिली होती. दोन पानांत जे मावलं नाही ते मी पुढे विचारलं नाही.

त्या खोलीत माझ्याशिवाय कायमचे एकच होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मराठी माध्यमाच्या सगळ्या प्रश्नपत्रिका ते टाइप करायचे. साठीला आलेले, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. कामाला बसताना टोपी काढून पडद्यावर ठेवायचे. त्यांचं गाव औशाकडचं, भूकंपात पूर्ण पडलेलं. जुन्या गावात ते डाकघराचं काम बघायचे. तरुणपणी लातूरला येऊन टायपिंग शिकले होते, म्हणून भूकंपानंतर छावणीत नावांच्या याद्या करायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यातून पुढे शहरात टायपिस्ट म्हणून राहिले. बायको भूकंपात गेली. मुलगा आणि सून पुनर्वसनात वसवलेल्या नव्या गावात होते. काका आठवडाभर लातूरला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी पेपर संपले की गावाकडे जायचे. हे सगळं मला क्लासच्या शिपायाकडून कळलं. त्यांनी स्वतः होऊन कधी सांगितलं नाही.

त्यांची एक खोड होती. गणिताच्या उदाहरणांत पुस्तकी नावं असायची, ती ते बदलून टाकायचे. टाकी भरणारा, दोरी कापणारी, आंबे वाटून घेणारे, सगळ्यांना त्यांच्याकडची नावं. कुणाचं नाव जन्माच्या वारावरून पडलेलं, कुणाचं देवाला नवस बोलून ठेवलेलं. सर एकदा म्हणाले, "काका, जरा नवी नावं टाका की. पोरं हसायलीत." काका म्हणाले, "हसू द्या की. उदाहरण तर बरोबर हाय न्हवं." सर हसून निघून गेले आणि नावं तशीच राहिली.

जानेवारीत त्यांच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस लातुरातच राहायला सांगितलं म्हणून ती त्यांच्या खोलीवर आली होती. काका तिला आक्का म्हणायचे. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि जेवणं झाली की काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. डोळ्यावर हिरवं फडकं, हातात तंबाखूची पिशवी. ती हळूहळू काहीतरी बोलत राहायची आणि काका मधूनमधून टाइप करायचे. मला वाटायचं, गावाकडच्या गप्पा चालल्यात. कधी ती थांबायची, बोटं मोडायची, "थांब, तिची जाऊ कोण?" असं काहीतरी म्हणायची, आणि पुन्हा बोलायला लागायची.

पाच-सहा दिवसांनी मी काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, राग मानू नका. इथे पेपर उघडे असतात. बाहेरच्या माणसाला बसवता येत नाही."

ते म्हणाले, "तिला कुठं वाचता येतंय मॅडम?"

"तरी पण. सरांनी बघितलं तर मला बोलतील."

सर काही बोलले नसते. मला ती तंबाखू नको होती आणि तिचं पुटपुटणं नको होतं. दुसऱ्या दिवसापासून आक्का डबा शिपायाकडे द्यायची आणि जिन्यापासूनच परत जायची.

त्याच आठवड्यात एका सराव पेपरात चूक छापून गेली. 'वेग'च्या जागी 'वेड' झालं होतं. 'गाडीचा सरासरी वेड काढा.' हा पेपर कुणीतरी दुसऱ्या क्लासच्या फळ्यावर चिकटवला. सरांनी मला बोलावून घेतलं. चूक टायपिंगची होती आणि 'वेड' हा शब्द तसा बरोबरच असल्याने कुठल्याही मशीनने तो पकडला नसता. मी मात्र सरांना म्हणाले, "आपलं शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर जुनं आहे. नवं बसवते." हे बोलताना काकांना वाचवणं माझ्या मनात नव्हतंच. नवं काहीतरी बसवायचं निमित्त मी कधीपासून शोधत होते.

आता यात मी काय केलं ते सांगायला हवं, आणि ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांनाही कळेल असं सांगते. लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजमधून येतं. पॅकेज म्हणजे बांधलेली पेटी. आत फायली आणि कुठली फाइल कुठे ठेवायची त्याची यादी. आम्ही लिनक्सचा जो प्रकार वापरत होतो त्यात मराठी शुद्धलेखनाची पेटी तयार मिळत नव्हती, ती स्वतः बांधून घ्यावी लागायची. नेटवर कुणीतरी तिची कृती लिहून ठेवली होती. ती उतरवून घेतली आणि चालवली की मशीन आपली आपण पेटी बांधते. निदान तसं म्हणतात.

तीन दिवस ती पेटी बांधली जाईना. पहिल्यांदा उतरवलेली फाइलच अर्धी निघाली. टेलिफोनच्या लाइनवर नेट मधेच तुटलं होतं आणि मशीन म्हणत होतं, हिची ओळख पटत नाही. ती पुन्हा उतरवली. मग बांधणी अर्ध्यावर येऊन थांबली. एक शीर्षफाइल, म्हणजे बांधणीला लागणारी आणखी एक फाइल, हवी होती, ती ज्या पॅकेजात होती ते आमच्याकडे नव्हतं. ते बसवलं. मग आमचा कंपायलर, म्हणजे बांधणी करणारं सॉफ्टवेअर, जुना असल्याने एका ओळीवर अडलं. त्यावर कुणा परदेशी माणसाने लिहिलेला तोडगा मला एका चर्चेच्या पानावर, पाचव्या की सहाव्या उत्तरात सापडला. तो लावला, तेव्हा शुक्रवारी दुपारी पेटी बांधून झाली. मला काय आनंद झाला होता! खोलीत टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काका त्या दिवशी आक्काला डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

पेटी बसवायची आज्ञा दिली आणि मशीनने नकार दिला. फायलींची टक्कर होती. म्हणजे पेटीतली एक फाइल जिथे ठेवायची, तिथे त्याच नावाची फाइल आधीच होती. मराठी शब्दांची यादी. मशीन म्हणालं, ही इथे आहे, मी हिच्यावर लिहिणार नाही.

अशा वेळी काय करायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. आधी विचारायचं, ही फाइल कुठल्या पॅकेजची? मी विचारलं. उत्तर आलं, कुठल्याच नाही. म्हणजे ती कुणीतरी हाताने आणून ठेवलेली. मग तिची माहिती काढायची. मी तीही काढली. ओळीत आकार होता आणि तारीख होती. तारीख परवाची होती.

परवाची. कंधारचा मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. दोन वर्षांपूर्वी आणून ठेवलेल्या शब्दांच्या यादीत परवा कुणी काय लिहिलं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता, आणि खरं म्हणजे तो पडलाही. क्षणभर पडला. फाइल उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. नाव बदलून बाजूला ठेवायला त्याहून कमी. पण सर दारात येऊन उभे होते. "झालं का? रविवारच्या पेपरला पाहिजे." मी म्हणाले, "झालंच." आज्ञेला एक शब्द जोडला की मशीन काहीही न विचारता जुन्यावर नवं लिहितं. त्या शब्दाचा अर्थ जबरदस्ती असाच आहे. मी तो जोडला आणि काम झालं.

आमचा बॅकअप रोज व्हायचा, पण तो फक्त प्रश्नपत्रिका आणि निकालांचा. बाकी सगळं परत बसवता येतं, म्हणून त्याची प्रत ठेवायची नाही, असं मीच ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी काका आले. टोपी पडद्यावर ठेवली, पेपर उघडला आणि खालपर्यंत सरकवून बघितला. मग म्हणाले, "मॅडम, आज समदं लाल दिसायलंय."

मी माझ्या जागेवरूनच म्हणाले, "नवी यादी टाकलीय काका. जुनीपेक्षा खूप मोठी आहे. शास्त्राचे शब्द पण आहेत."

"जुनी कुठं गेली?"

मी उठून त्यांच्या मागे गेले. गणिताचा पेपर होता आणि त्यातल्या प्रत्येक नावाखाली लाल नागमोडी रेघ होती. टाकी भरणाऱ्याखाली, आंबे वाटणाऱ्यांखाली. तेव्हा मला कळायला लागलं.

"जुनीत काही होतं का तुमचं?"

"हाव. होतं थोडं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "परत आनता येत न्हाई का?"

माझ्या तोंडून जे आलं ते ठरवून आलं नव्हतं, पण आलं ते अगदी सरळ आणि सफाईने. मी म्हणाले, "अपडेट होताना मशीननेच उडवली काका. कधीकधी होतं असं. मलाही आत्ताच कळतंय."

काका म्हणाले, "मशीनच हाय. त्येला काय कळतंय." आणि पेपर टाइप करायला लागले.

चहाच्या वेळी त्यांनी आपण होऊन सांगितलं. फार सांगितलं नाही. कंधारच्या मुलाने त्यांना ती फाइल दाखवली होती. शेवटी शब्द लिहायचा आणि वरच्या पहिल्या ओळीत शब्दांचा आकडा असतो तो एकाने वाढवायचा, की पुन्हा त्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. काकांनी त्यात जुन्या गावातली गेलेली माणसं लिहिली होती. घराघराने, वेशीपासून सुरुवात करून, टपाल वाटायच्या वाटेने. साडेतीनशेच्या वर नावं झाली होती. मी विचारलं, छावणीतल्या याद्यांत नसतील का ही नावं?

"त्या सरकारी. त्यात बाया अमक्याची बायको, तमक्याची आई. मला बी बायांची नावं कुठं ठावं होती? टपाल तर गड्यांच्या नावानं यायचं. ती समदी आक्कानं सांगितली. आता या पंधरा दिवसांत. हितं न्हाई तर रातच्याला खोलीवर." चहा संपवून ते म्हणाले, "मशीन त्यांची नावं चुकीची म्हनायचं ते मला बरं वाटत न्हवतं. बाकी काय न्हाई."

जिन्यापासूनच परत जाणारी ती हिरव्या फडक्याची बाई मला आठवली. मी चहाचा कप तसाच ठेवून आत गेले.

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती डिस्कवर पडून असते. त्याच क्षणी सर्व्हर बंद केला असता तर बरंच सापडलं असतं. पण रविवारी परीक्षा होती, सोमवारी निकाल. सर्व्हर बंद का, हे सरांना सांगावं लागलं असतं. मी सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबले. तोवर दोन हजार पोरांचे निकाल त्या डिस्कवर लिहून झाले होते. नंतर मी चार दिवस डिस्क अक्षर अक्षर चाळली. एका कोपऱ्यात एक तुकडा मिळाला. एकेचाळीस नावं पूर्ण आणि दहा-बारा मोडकी, कुणाची पहिली दोन अक्षरं, कुणाची शेवटची. मी ती एका फाइलमध्ये ठेवली, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये.

आणि काकांना दिली नाहीत. दिली असती तर ते म्हणाले असते, मशीनने खाल्लेलं तुम्हाला कसं सापडलं? मग सगळंच सांगावं लागलं असतं. आज देऊ, उद्या देऊ असं करत जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आक्का डोळा बरा होऊन गावी परतली होती. काका नेहमीसारखे यायचे, टोपी काढायचे, कामाला लागायचे. गणितातली नावं मात्र आता पुस्तकातली असायची. त्यांनी बदलणं सोडून दिलं होतं. मी ते बघत होते आणि तरीही बोलले नाही.

होळीच्या सुमाराला आक्का गेली. आदल्या दिवशी ताप आला आणि दुसऱ्या दिवशी गेली. काका तेरा दिवस आले नाहीत. आले तेव्हा डोक्याचे केस काढलेले होते आणि टोपी त्यांना मोठी होत होती. सगळ्यांनी दोन शब्द विचारले. मीही विचारले. "वय झालतं," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये जयंतीला मी नांदेडला घरी गेले. मिरवणुकीहून आल्यावर बाबा आणि मी जेवायला बसलो. बाबांनी बघितलं की मी नुसती भाकरी मोडते आहे. "काय करायलीस? जेव की." तेव्हा मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "आमच्याकडं रजिस्टरात एखादी नोंद रद्द करायची असली तरी खोडता येत न्हाई. वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाह्यजे, आणि शेजारी सही. कुणी रद्द केलं ते कळाया पाह्यजे."

"मी सही केली नाही," मी म्हणाले.

"मग जाऊन कर." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली.

लातूरला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी ती एकेचाळीस नावं आणि मोडके तुकडे छापून घेतले. दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कागद काकांपुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मशीनने नाही, मी पुसलं. मशीन नको म्हणत होतं. तारीख दिसली होती. त्या दिवशी खोटं बोलले.

त्यांनी कागद पूर्ण वाचला. खिशातलं पेन काढून एका नावाची वेलांटी दीर्घ केली. मग विचारलं, "हे कधी सापडलं तुमाला?"

"जानेवारीत."

"आन आता कोन्ता महिना चालू हाय?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"सांगा की. कोन्ता?"

"एप्रिल."

मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. आताही आवाज चढला नाही. "तुमी म्हनलाव मशीननं खाल्लं. म्या म्हनलं, एकदा जमिनीनं नेलं, एकदा मशीननं नेलं. कुनाशी भांडावं? आक्का म्हनायली, घे वही, सांगते परत पयल्यापासून. जानेवारीपासनं दोनदा म्हनली ती. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे आक्का, दमशील. तुमी त्याच दिशी म्हनला असता ना, काका, माझ्या हातनं चुकलं, तर म्या भांडलो असतो तुमच्याशी. लई भांडलो असतो. आन घरी जाऊन वही काढून बसलो असतो तिच्याम्होरं."

मी म्हणाले, "चुकलं काका."

"त्ये झालं की आता," ते म्हणाले. "तिच्यासंगं गेली समदी."

त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. टोपी घेतली आणि त्या दिवशी ते लवकर निघून गेले. सरांकडे त्यांनी माझी तक्रार केली नाही. मीच सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बरं, पेपर तर गेले नाहीत ना?" आणि फोन उचलला.

त्यानंतरचं वर्षभर आम्ही त्याच खोलीत काम केलं. काका माझ्याशी नीट वागायचे. मॅडम हे झालं का, मॅडम ते बघा. मला वाटायचं, एकदा ओरडतील, एकदा टोमणा मारतील. ते झालं नाही. चहा मात्र ते बाहेर जाऊन प्यायला लागले. वर्षाच्या शेवटी त्यांनी काम सोडलं, नव्या गावी राहायला गेले. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होते. रजा मी मुद्दाम घेतली होती.

पुढे मलाही नांदेडला एका कॉलेजात नोकरी मिळाली. तीनेक वर्षांनी लातूरला एका कामासाठी जाणं झालं तेव्हा मी औशाकडची बस धरली. फाट्यावर उतरून चालत गेले. नवं गाव सरळ रेषांत वसवलेलं. सारख्या आकाराची घरं, भिंतींवर आकडे, मधे रुंद रस्ते आणि त्यांवर फार माणसं नाहीत. काकांचं घर विचारलं तर एका बाईने नंबर सांगितला.

ते ओट्यावर बसले होते. ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितला. तब्येत, क्लास, सरांची नवी इमारत, असं थोडं बोलणं झालं. मग मीच विचारलं, "काका, नावं लिहिलीत का परत?"

त्यांनी आतून एक दोनशे पानी वही आणायला लावली आणि माझ्या हातात दिली. प्रत्येक घराला एक पान. वर घराची ओळख: वेशीजवळचं, चिंचेखालचं, आडाकडचं. खाली माणसं. गड्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिलेली. त्यानंतर एखाददुसरं बाईचं नाव, आणि मग कोऱ्या ओळी. कुठे दोन, कुठे चार. त्या घरात जेवढ्या बाया आणि पोरी होत्या तेवढ्या ओळी सोडलेल्या. काही ओळींत वेगळ्या शाईने नंतर लिहिलेलं होतं. बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. त्या एकेचाळीस नावांतली काही मी ओळखली.

"गावात विचारतो," काका म्हणाले. "आक्काच्या वयाच्या दोघीच राहिल्यात आता. एकीला ऐकू येत न्हाई."

मी पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "मी हे टाइप करून देऊ का? दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवते. नीट ठेवते."

त्यांनी हात पुढे केला. मी वही त्यांच्या हातात दिली.

"नको मॅडम," ते म्हणाले. "वहीतच बरं हाय."

सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. पावणेपाचची बस होती म्हणून मी उठले. काका ओट्याच्या कडेपर्यंत आले, रस्ता कुठून जवळ पडेल ते त्यांनी हाताने दाखवलं. त्यांचा फोन नंबर मी सुनेकडून घेतला होता. तो अजून माझ्याकडे आहे. मी एकदाही लावला नाही.